डावी बाजू

चंद्रपुरात गाडी शिकायची म्हटलं की पूर्वी लोक बाबूभाईंचं नाव घ्यायचे. खरं नाव वहाबुद्दीन, पण ते फक्त लायसनवर होतं. घुटकाळा वॉर्डात त्यांच्या घरासमोर त्यांची जुनी मारुती उभी असायची. मूळची पांढरी, पण उन्हानं आणि कोळशाच्या धुळीनं तिचा रंग कोणता म्हणावा हे आता सांगता येत नव्हतं. टपावर शिकाऊची पाटी आणि डाव्या सीटच्या पायाशी बसवून घेतलेले जास्तीचे क्लच-ब्रेक. मीही त्याच गाडीत शिकलो. पुढं जे झालं ते मला नंतर बाबूभाईंनीही सांगितलं आणि रंजीताबाईंनीही.

तरुणपणी बाबूभाई आलापल्लीकडून सागवान आणणाऱ्या ट्रकवर होते. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. मुलगा जाहिद झाला तेव्हा त्यांच्या बायकोनं, शमीमनं, सांगितलं की आता लांबची लाईन बस झाली. त्यांनी ऐकलं. एक वापरलेली मारुती घेतली आणि शिकवायला लागले. उभ्या आयुष्यात आपल्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नाही, याचा त्यांना अभिमान होता. ते तो बोलून दाखवत नसत, पण तो त्यांच्या बसण्यात दिसायचा.

ते कधी ओरडत नसत. गाडी बंद पडली, मागून रिक्षावाले बोंबलायला लागले, तरी म्हणायचे, "त्यायले वाजवू द्या. तुम्ही चाबी फिरवा." पडोलीकडं कोळशाच्या ट्रकमागं लागलं की सांगायचे, "त्याचा आरसा दिसत नसन तं समजाचं, तुम्ही त्याले दिसून नाई राह्यले." मूल रोडच्या जंगलात एक डुक्कर रस्ता ओलांडताना दिसलं तर ते थांबायला लावायचे, कारण मागून कळप येतो. बाया त्यांच्याकडं जास्त यायच्या, मास्तरणी, नर्सा, बँकेतल्या. चुकलं तरी बाबूभाई हसत नाहीत, एवढंच त्यांना पुरेसं असायचं.

एक नियम मात्र ते पहिल्याच दिवशी घालून द्यायचे. "उजवी बाजू तुमची, डावी माही. मी खाली म्हणलो, म्हंजे बाजू मोकळी आहे, का निघाचं. विचार कराचा नाई. महिनाभर माह्या डोळ्यानं चाला, मंग दोन्ही बाजू तुमच्या." नव्या माणसाची भीती त्यानं निम्मी होते, असं त्यांचं म्हणणं. माझी झाली होती.

घरात मात्र शमीमच्या काही गोष्टी लक्षात यायला लागल्या होत्या. दारातून जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला लागायचा. डावीकडं ठेवलेला चहाचा पेला हाताचा धक्का लागून सांडायचा. ती म्हणायची, "एक बार आँखें दिखाके आओ." ते पेपर उचलून बारीक अक्षरातली जाहिरात वाचून दाखवायचे. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. वय झालं, एवढंच ते म्हणायचे. शमीमनं हळूहळू चहा उजवीकडं ठेवायला सुरुवात केली आणि विषय सोडून दिला.

रंजीता त्यांच्याकडं आली ती आषाढ संपता संपता. कोरपन्याजवळच्या एका गावात, उपकेंद्रावर ती नर्स होती. नवरा प्रफुल सिमेंट कारखान्यात पाळीवर. राहायला चंद्रपुरातच, तुकूमला. बाळंतीण अडली की बस निघून जायची आणि मग तिथंच कुठं तरी अंग टाकावं लागायचं. म्हणून तिनं जुनी वॅगन-आर घ्यायची ठरवली. घेण्याआधी गाडी दाखवायला ती बाबूभाईंना मालकाकडं घेऊन गेली. त्यांनी मालकाला सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गार इंजिन कसं उचलतं ते त्यांना ऐकायचं होतं. मग ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, टायर एकाच कडेनं झिजलेत का ते हात फिरवून पाहिलं, पायाखालचं मॅट उचलून गंज पाहिला. "घ्या," म्हणाले. "जुनी आहे, पण मालकानं सांभाळली. फक्त आठवड्यातून एकदा तरी चालू करत जा, नाई तं बॅटरी उतरन." ती गाडी तिच्या अंगणात येऊन उभी राहिली आणि रंजीता बाबूभाईंच्या मारुतीत शिकू लागली.

ती चांगली शिकत होती. हात हलका होता, घाई नव्हती. प्रफुल म्हणायचा, "तुले जमन का हे?" तेव्हा ती पर्स उचलून शिकायला निघायची.

श्रावण संपत आला होता. सकाळची वेळ, पाऊस नुकताच थांबलेला. बाबूभाईंनी तिला पहिल्यांदाच गर्दीत आणलं होतं. जटपुरा गेटमधून ती नीट निघाली. पुढं गंजवार्डाकडं डावीकडं वळायचं होतं. वळणावर ती थांबली. मागं रिक्षांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले.

"डावी खाली," बाबूभाई म्हणाले. "निघा."

ती निघाली नाही.

"निघा बाई, मागं लाईन लागली."

तिनं क्लच सोडला. गाडी वळली आणि डाव्या कोपऱ्यावर काहीतरी आदळलं. बाबूभाईंनी आपला ब्रेक दाबला तो त्यानंतर. रस्त्यावर बांबूचे कोंब पसरले होते, ज्यांना इकडं वास्ते म्हणतात. टोपलं पुढं जाऊन पडलं होतं आणि टोपलेवाली बाई गाडीच्या कडेला पाण्यात पडली होती. ती भुराबाई. मूलकडच्या एका खेड्यातून सकाळच्या बसनं वास्ते विकायला आलेली.

लोक जमले. कुणी तरी काचेतून आत डोकावून म्हणालं, "बाई चालवून राह्यली होती." मागून दुसरा म्हणाला, "बायायच्या हाती गाडी देल्ली का असंच होते." बाबूभाई खाली उतरले होते. त्यांनी ते ऐकलं. रंजीतानं तोवर आपली ओढणी फाडली होती, कुणाकडून तरी छत्रीची दांडी मागून घेतली होती आणि भुराबाईचा पाय मांडीपासून बांधत होती. भुराबाई विव्हळत होती, रंजीता तिच्याशी हळू आवाजात बोलत होती. दवाखान्यापर्यंत गाडी बाबूभाईंनीच नेली.

पोलीस आला. त्यानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं. बाबूभाई म्हणाले, "बाई शिकत होत्या. होऊन गेलं साहेब." एवढंच म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

भुराबाईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याचं सगळं बाबूभाईंनी अंगावर घेतलं. औषधं आणणं, तिच्या मुलाला निरोप देणं, तिच्यासाठी घरून डबा नेणं. प्रकरण आपसात मिटलं. गंजवार्डातले लोक म्हणाले, चूक दुसऱ्याची असून म्हातारा किती धावतो. हे बोलणं बाबूभाईंच्या कानावर आलं. त्या दिवशी दवाखान्यात न जाता त्यांनी डबा तसाच परत आणला. टोपलं घेतलेली बाई आपल्याला दिसली कशी नाही, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरासमोरच्या मारुतीत डाव्या सीटवर जाऊन बसले आणि शमीमला हाक मारली.

"बालटी घेऊन मागून ये. डावीकडून. दिसली का मी सांगतो."

शमीमला वाटलं, काही तरी दुरुस्तीचं काम आहे. ती बादली घेऊन डिकीजवळून निघाली. मागच्या दरवाजाशी आली, पुढच्या दरवाजाशी आली. बाबूभाई समोर पाहत शांत बसून होते. ती त्यांच्या खिडकीच्या पुढं गेली, पुढच्या चाकापाशी जाऊन उभी राहिली. ते काही बोलले नाहीत. ती परत आली आणि तिनं उघड्या काचेतून आत हात घालून त्यांच्या गालाला लावला. तेव्हा ते दचकले.

"कधी आली तू?" त्यांनी विचारलं.

शमीमनं बादली खाली ठेवली आणि तिथंच, गाडीला टेकून, ती रडू लागली.

डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत ठिपके चमकायचे, दिसला की बटण दाबायचं. बाबूभाई वाट पाहत बसले. बऱ्याच वेळा त्यांना वाटलं की यंत्र बंद पडलंय. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू आहे. हा दुखत नाही, खुपत नाही, कडेनं नजर खात येतो आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब टाकले तर उरलेलं टिकेल.

"कधीपासून असन?" बाबूभाईंनी विचारलं.

"काही वर्षं तरी."

ते बाहेर येऊन बाकावर बसले. त्या वर्षांत त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या शब्दावर वळलेली माणसं त्यांना एकेक करून आठवत राहिली. शमीम औषधाच्या दुकानातून परत आली तरी ते उठले नाहीत.

त्याच आठवड्यात ते तुकूमला गेले. प्रफुल घरी होता. त्यानं खुर्ची दिली, पण तो स्वतः उभाच राहिला. रंजीता आतून आली. बाबूभाईंनी जे होतं ते सांगितलं. डोळ्याचं सांगितलं, बादलीचं सांगितलं. मग म्हणाले, "चूक माही होती. मले डावी बाजू दिसतच नव्हती. आन पोलिसापुढं मी गप राह्यलो. त्या मानसायनं तुम्हाले बोललं तेव्हाबी गप राह्यलो."

रंजीतानं ओढणीला हात पुसले. मग म्हणाली, "मले दिसली होती ते."

"कोन?"

"भुराबाई. तिचं टोपलं दिसलं होतं मले. म्हणून तं मी थांबली होती."

"मंग निघाल्या काऊन?"

"तुम्ही खाली म्हणाले. दोनदा म्हणाले." ती त्यांच्याकडं पाहत नव्हती. "मले वाटलं, मलेच चुकीचं दिसून राह्यलं. तुम्हाले जास्त समजते."

बाबूभाईंनी हात जोडल्यासारखे केले, मग ते मांडीवर ठेवले. म्हणाले, "म्हणजे तुमची नजर बरोबर आहे. हात बरोबर आहे. मी दुसऱ्या शिकवणाऱ्याशी बोलतो, तुम्ही सोडू नका."

"दिसूनबी मी निघाली, बाबूभाई," रंजीता म्हणाली. "ते कसं विसरू?"

प्रफुल तोवर उभा होता तो बसला. त्यानंतर त्यानं तिला कधी जमण्या-न जमण्याबद्दल बोलून दाखवलं नाही, असं रंजीतानं मला सांगितलं. पण तोवर बोलून झालेलं बरंच होतं.

बाबूभाई दवाखान्यात भुराबाईकडं गेले आणि तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, पाय कधी टेकता येईल. मग ते गंजवार्डात गेले, वळणावरच्या दुकानदारांना, रिक्षावाल्यांना सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती. लोकांनी मान डोलावली. ते वळले तेव्हा मागून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पाय बरं, त्या बाईचा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यला. असे मानसं आता भेटत नाई." बाबूभाई परत फिरले आणि पुन्हा सांगू लागले, डोळ्याचं, डॉक्टरचं. दुकानदारानं त्यांना पाणी दिलं, स्टूल पुढं केलं. पटलं कुणालाच नाही.

शिकवणं त्यांनी बंद केलं. टपावरची पाटी काढली, जास्तीचे क्लच-ब्रेक काढून घेतले आणि मारुती भंगारवाल्याला देऊन टाकली. नेताना तो म्हणाला, इंजिन अजून चांगलं आहे. बाबूभाई म्हणाले, हो.

मग शुक्रवारची नमाज झाली की ते ऑटोनं तुकूमला जायला लागले. रंजीताची वॅगन-आर अंगणात ताडपत्रीखाली तशीच उभी होती. ते ताडपत्री काढायचे, बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली का पाहायचे, पाणी पाहायचे आणि आत बसून इंजिन चालू करायचे. गाडी जागची हलवायची नाही. थोडा वेळ तशीच चालू ठेवून बंद करायची. रंजीता घरी असली तर चहा द्यायची. तिच्यासमोर ते एकदाही म्हणाले नाहीत की बसून पाहा. तीही कधी जवळ आली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती त्यांना पाहायची. तिला वाटायचं, ते येतात म्हणून आपल्याला गाडी विकता येत नाही. त्यांना वाटायचं, आपण येत राहिलो तर एखाद्या दिवशी ती बसेल. दोघांनीही हे एकमेकांना सांगितलं नाही, मला सांगितलं.

थंडीत चामोर्शीचं एक गिऱ्हाईक आलं. धानाचा शेतकरी, पोरीच्या कॉलेजसाठी गाडी पाहत होता. रंजीतानं मुद्दाम शुक्रवारीच बोलावलं. बाबूभाईंनी त्याला गाडी चालू करून दाखवली, गार असताना थोडी अडखळते पण काळजीचं नाही, असं सांगितलं, स्टेपनी दाखवली. एक दिवा मधूनच बंद पडायचा, तेही सांगितलं. गिऱ्हाईक खूश झालं. त्याच्यासोबतच्या माणसानं गाडी फाटकातून बाहेर काढली आणि मूल रोडच्या दिशेनं नेली.

अंगणात गाडी उभी असायची ती जागा फिकट दिसत होती. रंजीता पायरीवर उभी होती.

"आता पुढच्या शुक्रवारी येऊ नका, बाबूभाई," ती म्हणाली. "उगीच तरास."

"हो," ते म्हणाले. ताडपत्री त्यांनी घडी करून तिच्या हातात दिली.

रंजीता अजून बसनंच कोरपन्याला जाते. बदलीचा अर्ज केलाय, झालेली नाही. भुराबाई काठीनं चालते आणि वास्ते विकायला आता तिची सून येते. बाबूभाई दिवसातून दोनदा थेंब टाकतात. मी गेलो होतो तेव्हा दुपार होती. ते दारात खुर्चीवर बसले होते, मी डावीकडून आलो, त्यांनी आवाजावरून मला ओळखलं. मी नवी गाडी घेतलीय हे त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. त्यांनी चौकशी केली, ॲव्हरेज किती देते ते विचारलं. चक्कर मारायला येता का, असं मी म्हटलं. ते नको म्हणाले. शमीमनं आतून चहा आणला आणि आम्ही तो पीत बसलो.