जानकीने घेतलेली हरकत

जोगेश्वरीच्या त्या इमारतीखाली ढोल वाजला की बायका खिडकीत येतात. कोणाची तरी हळद असणार. त्या मंगळवारी मात्र ढोल वर चढला आणि थेट जानकीच्या दारासमोर वाजला, आणि ढोलवाल्याबरोबर इन्कम टॅक्सचा माणूस होता. घर जप्त केलं की असं चारचौघांत वाजवून सांगायची कायद्यातच रीत आहे म्हणे. दारावर कागद चिकटला: राजारामने कर थकवल्यामुळे हे घर जप्त, यापुढे लिलाव.

राजाराम म्हणजे जानकीचा थोरला दीर. या घरात तो कित्येक वर्षांत एक रात्रही झोपला नव्हता. मग त्याच्या करापायी जानकीच्या दारात ढोल का? ऐका.

घर मूळ सासऱ्यांचं, गिरणीत हाडं झिजवून घेतलेलं. ते गेले तेव्हा तेराव्याला गावाहून सगळे आले होते. आणि आपल्यात होतं तसंच झालं, सगळे आहेत तोवर कागदही उरकून घेऊ म्हणून पंगत उठता उठता सोसायटीचा फॉर्म बाहेर आला. नाव थोरल्याचं लावायचं, धाकट्याने विचारायचं नाही. जानकीच्या नवऱ्याने, जयवंतने, तशाच मुंडण केलेल्या डोक्याने हात पुसले आणि सही ठोकली. वाचतंय कोण? राजाराम पुढे कामगार पुरवणारा ठेकेदार झाला. बोरिवलीला ऐसपैस फ्लॅट घेतला, तो बायकोच्या नावावर, कमलच्या. स्वतःच्या नावावर काय ठेवलं, तर भावाच्या डोक्यावरचं छप्पर. कर बुडवायचा याने आणि रस्त्यावर यायचं त्यांनी. लाज नावाची गोष्ट असते की नाही माणसाला?

कागद चिकटवणारा जाता जाता म्हणाला, "ताई, तुमचा यात वाटा असेल तर हरकत घ्या. साहेब ऐकून घेतात."

जयवंतने आधी भावाला फोन लावला. "मी बघतो, तुम्ही मध्ये पडू नका," राजाराम म्हणाला. झालं, जयवंत निर्धास्त. "दादा बघतलो म्हणता ना, मग गप ऱ्हव," त्याने बायकोला सांगितलं.

जानकीचं डोकं सटकलं. ती प्रसूतिगृहात आया आहे. कळा देणाऱ्या बायांना दम भरते, वेळ आली तर डॉक्टरांनाही सुनावते. पण भावोजींसमोर तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. ते आले की चहा ठेवायचा आणि आत जायचं. आता तिला त्या सगळ्या वर्षांचा राग आला, त्या चहाचासुद्धा. तिने हरकतीचा अर्ज लिहून घेतला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"दादाच्या विरुद्ध सही करू?" जयवंत म्हणाला.

"तुमच्या बापाच्या घरासाठी करा. तेराव्याला न वाचता केलीत, ही वाचून करा."

तो रात्रभर तळमळला, सकाळी नीट जेवलाही नाही. पण सही केली.

सुनावणी वांद्र्याला होती. राजाराम इस्त्रीच्या शर्टात आला, कमलला घेऊन. तिला कशाला आणलं कोण जाणे, बहुधा जावेला समजवायला. साहेबांनी विचारल्यावर राजाराम अगदी गोड आवाजात म्हणाला, "साहेब, घर माझंच. भावाची परिस्थिती नाही, म्हणून राहायला दिलंय."

राहायला दिलंय! जयवंत खाली मान घालून बसला. जानकी उठली.

"घर सासऱ्यांचं आहे, साहेब. दोन मुलगे, दोघांचं सारखं. सोसायटीत मोठ्याचं नाव लागलं म्हणून धाकटा उपरा झाला का?"

"जानकी, घरातलं घरात बोल," राजाराम दबक्या आवाजात म्हणाला.

"घर राहिलं तर बोलीन ना, भावोजी."

साहेबांनी जुने कागद पाहिले. सोसायटीतल्या नावाने मालकी ठरत नाही, ते म्हणाले. जयवंतचा अर्धा हिस्सा जप्तीतून सुटेल, पण राजारामच्या अर्ध्याचा लिलाव होऊ शकतो.

अर्धं घर परक्या माणसाचं?  "यांचं बोरिवलीला अख्खं घर आहे, साहेब," ती म्हणाली.

"ते कमलचं आहे," राजाराम लगेच म्हणाला.

साहेब कमलकडे वळले. "घराचे पैसे कोणी दिले?"

"ह्यांनीच," कमल म्हणाली. "मी कुठून आणणार?"

बिचारी खरं तेच बोलली. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि राजारामला सांगितलं, की आपल्या पैशाने बायकोच्या नावावर केलेलं घरही करापोटी धरता येतं. पुढची जप्ती तिथे जाईल.

ती जप्ती जायची वेळच आली नाही. आठवड्याच्या आत राजारामने सगळा कर व्याजासकट भरला आणि जोगेश्वरीचं घर मोकळं झालं.

जयवंतला कोण आनंद! "दादाने भरले बघ. शेवटी दादाच तो." त्याने चपला घातल्या, पेढे घेऊन बोरिवलीला जायला.

"भरले म्हणजे होते," जानकी म्हणाली.

"म्हणजे?"

"पैसे होते त्यांच्याकडे, अहो. पहिल्यापासून होते. तुम्ही फोन केलात ना, मी बघतो म्हणाले, तेव्हासुद्धा होते. तरी आपलं घर विकू देत होते."

जयवंत दारातून मागे आला. त्याने पायातल्या चपला काढल्या.