अंगावर काढलं म्हणे!

मॅडमनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सांग, तुझ्या आईनं दुखणं कसं अंगावर काढलं ते. घाबरू नको."

धुळ्यातल्या देवपूरमधला हॉल. मागं मोठा फलक, त्यावर लिहिलेलं: 'दुखणं अंगावर काढू नका'. फलकाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत माझी माय. अंगावर सत्काराची शाल, आत नुसती हाडं. मॅडम तिच्याकडे बोट करून लोकांना सांगत होत्या, "बघा. या वेळेवर आल्या असत्या तर? अज्ञान, दुसरं काय!" लोक हळहळत होते. बैलबाजारात जनावर उभं करतात, तशी माझी माय तिथं बसवली होती.

मॅडम म्हणजे ज्यांच्या घरी मी पोळ्या करायचे त्या. त्यांचं महिला मंडळ गावोगाव कॅन्सरची माहिती देतं, शिबिरं घेतं. काम चांगलं आहे, मी नाही कुठं म्हणते?

पण हेच मंडळ आमच्या गावीही आलं होतं. साक्रीकडं आमचं गाव. शाळेत शिबिर होतं. डॉक्टरांचे पोहे करायला मॅडमनी मला सोबत नेलं होतं. माय रांगेत उभी होती. तिची पाळी जाऊन कैक वर्षं झालेली, आणि आता पुन्हा रक्त जायला लागलेलं. बाईमाणूस हे सांगणार कुणाला? त्या दिवशी तिनं हिय्या केला. टेबलाशी मॅडम बसल्या होत्या, एकेकाला काय होतंय ते विचारत होत्या. मायच्या मागं भावकीतले बाप्ये. माय हळूच आमच्या बोलीत म्हणाली, "अंगवर जास, ताई."

"काय जातंय अंगावर? मुंग्या?" मॅडम हसल्या. "मोठ्यानं बोला आजी. आणि मराठीत बोला."

सगळी रांग हसली. मायला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाली, "काही नही. कंबर दुखस."

तिला कमरेच्या गोळ्या मिळाल्या.

मी मागं भांडी घासत होते. तिथं येऊन तिनं मला खरं काय ते सांगितलं. मी ओल्या हातानंच टेबलाशी गेले. "मॅडम, माझ्या आईला रक्त जातंय. पुन्हा बघा ना तिला."

"तू पोह्यांकडे बघ. डॉक्टर तू आहेस का?"

गावातल्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, "शिबिरात मोठ्या डॉक्टरांनी बघितलं ना? मग झालं. म्हातारपण आहे." इंजेक्शन दिलं. पुन्हा गेलो, पुन्हा इंजेक्शन. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं तोवर मायला धड चालता येत नव्हतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. लई पुढं गेलेला. तिथले डॉक्टर मायवर खेकसले, "तुम्ही लोक दुखणं अंगावर काढता आणि मग आमच्या अंगावर येता!"

तेच आता फलकावर होतं. तेच माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

मी मायकडे बघितलं. तिनं मान वर केली आणि मला विचारलं, "मी सांगं व्हतं ना वं?"

विचारलं! तिला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता. ज्यानं त्यानं तिला इतकं ऐकवलं, की तिलाही वाटायला लागलं, आपण बोललोच नसू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हिनं अंगावर काढलं नाही," मी माईकवर म्हणाले. "हिनं सांगितलं होतं. या मॅडमना. यांच्याच शिबिरात. या हसल्या. मीही सांगितलं. मला म्हणाल्या, पोह्यांकडे बघ."

कुणीतरी माईक बंद केला. मग मी ओरडून बोलले. शेतात हाका मारून कमावलेला आवाज आहे माझा, त्याला वायर लागत नाही.

मॅडम दातओठ खात जवळ आल्या. "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"खाल्लं नाही, मॅडम. तुम्हाला खायला घातलं. पोळ्या मी करते."

मायच्या अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि तिला धरून बाहेर आणलं. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मी सांगं व्हतं." या वेळी विचारलं नाही.

माझं काम गेलं. आणि मायही चालली आहे. घरात वास असतो. नातलग दारातूनच विचारपूस करून परततात. दुखणं गोळीला दाद देत नाही. कळ आली की माझा हात धरून म्हणते, "मारी टाक वं माले." काय करू मी? माझ्या हातात काही नाही. मी नुसती तिच्याजवळ बसते. रडूही येत नाही आता.

भावजयीला मायजवळ बसवून मी अधूनमधून आसपासच्या गावांत जाते. फलक नाही, माईक नाही. बाप्यांना बाहेर काढते, दार लोटते आणि बायांना एकेकीला विचारते, "काय व्हस तुले, अक्का?" परवा मायच्याच गल्लीतली एकजण म्हणाली, "काही नही. कंबर दुखस."

मी उठले नाही. पुढ्यातला चहा गार झाला, तरी उठले नाही. शेवटी तिनं पदर तोंडाशी धरला आणि सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन धुळ्याला गेले. तोच दवाखाना. डॉक्टरनं वर न बघताच विचारलं, "इतके दिवस अंगावर का काढलं?"

मी तिला खुर्चीत बसवलं. दुसरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"साहेब, आधी वर बघा. ती काय सांगते ते ऐका. ऐकल्याशिवाय आम्ही उठणार नाही."