लाख भरलेली काठवट

परवा नातसुनेनं बारामतीहून सॅलडसाठी लाकडी वाडगा आणला. मी कौतुकानं नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. तोच आंब्याच्या लाकडाचा आंबूस वास.

पंचावन्न सालच्या आसपास माझं लग्न ठरलं. लेकीबरोबर भाकरीचं पीठ मळायला काठवट द्यायची रीत, म्हणून माझे चुलते, तात्या, मला घेऊन इंदापूरला लाकूड कातून भांडी करणाऱ्या काताऱ्याकडं गेले. आंब्याचा ओंडका घरचाच, गोठ्यामागं पावसात कुजत पडलेला. काताऱ्याचा भाऊ लाकूड फिरवायचा पट्टा ओढू लागला, ओंडका गरगर फिरला, पटाशीखालून छिलके उडाले आणि एकदम काहीतरी गार, चिकट पचकन माझ्या ओठावर आलं. लाकडात बोटाएवढी पांढरी अळी मधोमध चिरली होती. मी पदरानं ओठ सोलून निघेस्तोवर पुसला.

कातारी म्हणाला, "तात्या, आत किडलंय. दुसरं लाकूड आना."

"भोकात लाख भर आन् गप ऱ्हा," तात्या म्हणाले. "सासरी जायाची काठवट हाय. आपल्याला थोडंच हिच्यातलं खायाचंय?"

मी तिथंच उभी होते. तेव्हा वाटलं, शिसारी अळीची आलीय.

वरकुट्याला सासरी लाखेच्या त्या काळ्या डागावर मी रोज पीठ मळलं, त्याच भाकरी खाल्ल्या. माहेरची वस्तू, सांगणार कुणाला?

दिवाळीला तात्या मला न्यायला आले. सासूबाईंनी त्यांना आग्रहानं जेवायला बसवलं. चुलीपुढच्या काठवटीवर त्यांची नजर गेली. भाकरीचं ताट त्यांनी हळूच दूर सरकवलं.

"मला भूक न्हाय," म्हणाले.