सातवी सुई

"अवो, सुया ओवा. नुसतं बसून काय करताय?"

मी नुसता बसलेलो नव्हतो. जेवलो होतो, आणि सेकंड शिफ्टला निघायला अर्धा तास होता. पण आमच्या हिच्या लेखी हात रिकामे म्हणजे माणूस रिकामटेकडा. त्या दुपारी मी सात सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं. चष्मा घे म्हटलं की म्हणायची, "तुमी हाय की." अठरा वर्षं कंपनीत मशीन चालवली, सुतासुताचं माप धरलं, आणि घरात हुद्दा काय, तर सुया ओवणारा.

तिचं काम म्हणजे दुपटी. चाळीत कुणाला दिवस गेले की घरच्यांच्या आधी हिला कळायचं. मग ही जुनेर मागत दारोदार फिरायची. तुमच्या गल्लीतही असं एक माणूस असेलच. त्याला कुणी नेमलेलं नसतं, आणि त्याच्यावाचून काही अडत नाही असं आपण समजतो.

नवं कापड तिला चालायचं नाही. तान्ह्या अंगाला धुऊन धुऊन मऊ झालेलंच लागतं म्हणे. एकदा मी मोठ्या ऐटीत पिंपरीच्या बाजारातून फुलाफुलांचं नवंकोरं कापड आणलं. तिनं ते बोटांत चुरगाळून बघितलं आणि त्याचा खिडकीला पडदा केला. दुपट्याला घेतली माझी युनिफॉर्मची पॅन्ट. सकाळी दोरीवर हात घातला तर एकच तंगडी शिल्लक. वर कौतुक, गुडघ्यावर काय मऊ पडलीया. त्या दिवशी मी लग्नातली पॅन्ट घालून कामावर गेलो. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, वरात कुणाची राव.

एक दुपटं तिला एका दुपारचं. धावदोरा असा पळायचा, की हिला आमच्या लाइनवर घेतली असती तर कंपनीनं आम्हा चौघांना घरी बसवलं असतं. फक्त एक कोपरा चार बोटं उघडा ठेवायची. बाळ जन्मल्याचा निरोप आला की त्यात भाकरीचा तुकडा सरकवायची आणि मग टाके घालून तोंड बंद. हा दुपट्याचा घास. चऱ्होलीची, तिच्या माहेरची रीत. मी म्हणायचो, उंदरांची चांगली सोय केलीस. ती मान वर न करता म्हणायची, "उपाशीपोटी कुणी कुणाला ऊब देतं का?"

निरोपाआधी कोपरा का शिवायचा नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. मला ते शेजारच्या सुनेमुळं कळलं. मराठवाड्यातलं कुटुंब, तिचा नवरा आमच्याच खात्यात. दोनदा त्या पोरीचे दिवस भरले आणि दोनदा ती दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आली. दोन्ही वेळा आमच्या हिनं दुपटं उसवलं, तुकडे धुतले, घड्या घालून ट्रंकेत ठेवले. तिसऱ्या वेळी चाळीत कुणी बाळाचा विषयच काढेना. त्या पोरीच्या सासूनं तर हिला बजावलंच होतं, यंदा काही शिवू नका.

त्या सकाळी पोरीला दवाखान्यात नेलं, आणि आमची जेवणं झाल्यावर हिनं ट्रंक उघडली. तेच तुकडे काढले. मी म्हटलं, "परत उसवायलाच शिवतीस का?" मला वाटलं होतं मी मोठं शहाणपणाचं बोललो. त्यावर ती काय म्हणाली, ते वर पहिल्याच ओळीत लिहिलंय.

निघताना तिनं डबा हातात दिला. म्हणाली, "भाकरी आज जाड झालीया. ठेवा नावं खुशाल."

मी म्हटलं, "पातळ कधी असती?"

पाच वाजता सुपरवायझरनं मशीन बंद करायला लावलं, घरी जा म्हणाला. घरी आलो तर सगळी चाळ आमच्या दारात. ही चहा ठेवायला उठली, मधेच खाली बसली आणि संपली. बायका सांगत होत्या, काही त्रास झाला नाही. जणू यांना सांगूनच गेली. राजगुरुनगरहून मुलगा आला आणि रात्री दहाच्या आत सगळं उरकलं. अशा कामात आपली माणसं फार हुशार.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची ती सासू दारात येऊन उभी राहिली. आत येईना आणि जाईनाही.

"लेक झाली," ती म्हणाली. "चांगली रडायलीय." मग आत डोकावून म्हणाली, "दुपटं कुठाय?"

मी म्हटलं, "घरात सुतक हाय. त्यात कोपरा उघडाय. ऱ्हाऊ द्या."

"सुतक मला शिकवू नका. पोर टावेलात गुंडाळलीय. शिवा अन् द्या."

शिवू नका म्हणून बजावणारी बाई ती हीच.

दुपटं उशीजवळ तसंच पडलं होतं. सहा सुया रिकाम्या. सातवी कोपऱ्यात टोचलेली, तिच्यात हातभर दोरा. टाके मी घातले असते, पण घासाला भाकरी कुठली? सुतकाच्या घरात चूल नाही. शेजाऱ्यांनी आणून दिला होता तो पिठलं-भात. मग खुंटीवरची डब्याची पिशवी दिसली. काल डबा उघडायची वेळच आली नव्हती.

जाड भाकरी, एका कडेला करपलेली. तुकडा मोडून कोपऱ्यात सरकवला आणि शिवायला बसलो. पत्र्याला रिबिटं ठोकावीत तसे टाके पडले. सासू उंबऱ्याबाहेरून बघत होती. दोरा संपला तिथं गाठ मारली, दातानं तोडला आणि दुपटं तिच्या हातात दिलं.

मग डबा पुढं ओढून उरलेली भाकरी खायला बसलो. जाडच होती. सगळी खाल्ली.