क्लार्नेटच्या सुरात बांधलेला तारपा

बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत एक पाडा आहे. तिथला बुधा वारली तारपा वाजवायला लागला की म्हशी चरायच्या थांबतात, असं लोक सांगत. म्हशींचं खरंखोटं म्हशी जाणोत, माणसं मात्र थांबायची. भात झोडून झालं, खळं मोकळं झालं, की बुधा मधोमध उभा राही आणि एकमेकांच्या कमरेत हात गुंफून अख्खा पाडा त्याच्याभोवती फिरे. सुकलेला लांबोडा भोपळा, त्याला मेणाने चिकटवलेल्या बांबूच्या नळ्या, एवढंच ते वाद्य. पण बुधाचा सूर तुटत नसे. एकदा एका व्याह्याने त्याच्या नाकाखाली कापूस धरून पाहिला. कापूस हलला, तरी व्याही आपला म्हणतोच, "हा गडी पोटानं श्वास घेतो!"

मग तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं. तरणी पोरं तिकडे सिमेंट कालवायला गेली. तिथे लग्नाच्या वराती, वरातीत बँड, आणि बँडवर सिनेमाची गाणी. पोरं सणाला घरी आली, पण खळ्यावर पाय उचलेनात. बुधाचा पोरगा चिंतूच म्हणाला, "बाबा, तुझा तारपा म्हातारा झाला. बँडसारखं काय तरी वाजव ना!"

दुसऱ्या कुणी पोराच्या कानाखाली ओढली असती. बुधा विचारात पडला. तरणे नसले तर रिंगण किती दिवस टिकणार? बँडचा सूर तारप्यात आणला तर पोरं परत फिरतील. झालं, तेच त्याच्या डोक्यात बसलं.

बोईसरला विश्राम मास्तरांचा बँड होता. बुधा त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मास्तरांनी क्लार्नेट तोंडाला लावली, बुधाने तारपा फुंकला. शेजारचं कुत्रं रडायला लागलं.

"बुधादा," मास्तर हसत म्हणाले, "हे म्हणजे बैल आन् बोकड एका जुवाला!"

"मंग बोकडाला वाढवा."

"माझा बोकड कारखान्यात झालेला हाय. तो नाय वाढायचा. बैलच कापावा लागंल."

बुधाने तोही कापला. पावसाळाभर शेतीतून वेळ काढून तो मास्तरांकडे जाई, क्लार्नेटचा एकेक सूर कानात धरून घरी येई. तारप्यातली सूर काढणारी बांबूची जीभ तासायची, जुनी भोकं मेणाने बुजवायची, नवी पाडायची. बायको मंगळी वैतागली. "माजी भाजी कोण चिरंल? सुरी रोज तुज्या त्या भोपळ्यात!" पण शेवटी सूर जुळला.

पुढे तारापूरला कामाला आलेल्या, नगरकडच्या खंडेराव फिटरच्या मुलीच्या वरातीत बुधा बँडबरोबर चालला. क्लार्नेट वरून, तारपा खालून, मधे ढोल. खंडेराव फेटा सावरत ओरडला, "मास्तर, हे भोपळ्याचं लई भारी हाय!" आणि चिंतू आपल्या सोबत्यांबरोबर बापाच्या पुढ्यात बेभान नाचला. "बाबा, औंदा खळ्यावर सगळ्यांना घेऊन येतो," म्हणाला.

पोरगा शब्दाला जागला. भात निघालं तशी खळ्यावर सगळी पोरं हजर. म्हातारे, बाया, घुंगरांची काठी घेऊन पुढे चालणारा सुका, सगळे जमले. बुधाने तारपा फुंकला. पोरं कमरेतले हात सोडून वरातीतल्यासारखी हवेत हात उडवत नाचू लागली. सुका काठी आपटून पाहतो, तर पाऊल कुठे टाकावं कळेना. तारपा बोलवायचा आणि पाय फिरायचे, अशी रीत. आज तारपा पायांना बोलावतच नव्हता.

"बुध्या," सुका म्हणाला, "जुनी चाल धर."

जुनी भोकं तर बुजलेली. दुसऱ्या दिवशी बुधाने आपल्या बापाच्या तारप्याच्या मापाने दुसरा भोपळा घेतला, नळ्या तशाच कापल्या, आणि जीभ तासायला बसला. तासून फुंकायचा, पुन्हा तासायचा. दरवेळी सूर लागे तो मास्तरांच्या अंगणातला. मंगळी म्हणाली, "बापाचा कसा होता, तो गुणगुण ना आधी." त्याने तोंड उघडलं. क्लार्नेटच निघाली. कान फिरला होता, आणि कान काही तासता येत नाही.

तरी पोरं कामावर परतायच्या दिवशी तो नवा तारपा घेऊन खळ्यावर गेला. पोरांनी थोडं ऐकलं. "असल्यापरीस खरा बँडच बरा," एकजण म्हणाला, आणि तारापूरकडे जाणारा ट्रक वाजला तशी ती पाठ फिरवून पळाली. चिंतू सगळ्यांच्या पुढे.

राहिले म्हातारे. त्यांचेही पाय या सुरावर उचलेनात. पण त्यांचं एक होतं: वाजत्या तारप्याला पाठ दाखवायची नाही. म्हणून सुकाने काठी काखेत मारली आणि तो बुधाकडे तोंड ठेवूनच एकेक पाऊल मागे सरू लागला. त्याच्यामागोमाग म्हातारी चिमी, मग बाकीच्या बाया, सगळे तसेच उलटे चालत कुंपणाच्या फटीतून बाहेर गेले. चिमी ठेचकाळली, पण वळली नाही.

तोंडं आपल्याकडे आहेत तोवर बुधाला थांबताही येईना. गाल फुगवून तो क्लार्नेटच्या सुरात वाजवतच राहिला, आणि मावळत्या उजेडात ती तोंडं लहान लहान होत गेली.