उभेमामांचा वाकडा चेंडू

आठव्या वर्षी मी सोलापुरातला एकुलता एक रग्बीचा चेंडू फोडला. म्हणजे, गोल करायला गेले. कोहळ्यासारखा लांबोडका तो चेंडू पाहून मला वाटलं, मिलच्या गोऱ्या साहेबानं आमच्या उभेमामांना गरीब बघून बिघडलेला माल दिला. जगातलं सगळं वाकडं सरळ करायचं काम आपल्याकडेच आहे अशी माझी तेव्हा खात्री होती. ती अजून गेलेली नाही, असं माझी सून म्हणते.

उभेमामा चाळीत आमच्या शेजारी राहत. त्यांना बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून हे नाव. चहा दारात उभ्यानं, जेवण हातावर भाकरी घेऊन येरझारा घालत. आई म्हणायची, "अहो, टेका की घटकाभर." त्यावर उत्तर ठरलेलं, "बसलं की पाय वरडत्यात, वहिनी." घरी ते तेलुगू बोलत, आणि आम्हा पोरींना 'अम्मा' म्हणत. शेंबड्या पोरीला कुणी अम्मा म्हटलं, की ती शेफारणारच.

त्यांना नोकरी लागली ती या पायांमुळेच. हुतुतूत एका दमात तिघांना लोळवताना मिलच्या साहेबानं पाहिलं, मागावर कामाला घेतलं आणि आपल्या रग्बीच्या संघातही ओढलं. सगळं झकास चाललं होतं, तोच खांदा निखळला. हात वर जाईना. खेळ गेला, मागही गेला. साहेब म्हणाला, आता मिलच्या पोरांना शिकव; मुंबईच्या रेल्वेच्या गोऱ्यांना हरवलंस तर कायमचा मास्तर, नाहीतर दुसरीकडे बघ. तेव्हापासून भिंतीपलीकडच्या येरझारा थांबेनाशा झाल्या. ऐकून ऐकून आमच्याच पायांना गोळे यायचे.

सामना आठवड्यावर आला होता. चेंडू कातड्याचा, म्हणून आई त्याला ओसरीच्या आत येऊ देत नसे. तेल लावून उन्हात ठेवायचं काम माझ्याकडे. आई देवळात गेलेली बघून मी घंगाळात गरम पाणी ओतलं, चेंडू चांगला भिजवला, उभा धरला, वर पाट ठेवला आणि पाटावर स्वतः बसले. शिवण उसवली, आतला फुगा फुस्स झाला, आणि मी पाटासकट घंगाळात.

"घंगाळात कातडं? कार्टे!" आईनं कान धरला. तिला घंगाळाचं पडलं होतं.

उभेमामांनी ते लक्तर हातात घेतलं. "का केलंस, अम्मा?"

"वाकडा होता म्हणून."

आणि उभेमामा खाली बसले! आमच्या पायरीवर, मटकन. आख्खी चाळ बघायला आली. कुणी हसलं नाही. नवा चेंडू मुंबईहून यायला पंधरवडा लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी आईच्या पदरामागून त्यांचे पाय बघत होते. ते हलत नव्हते.

बऱ्याच वेळानं एक पाय हलला. मग दुसरा. "वहिनी, दाभण हाय का?"

मिलमधलं टाकाऊ सूत, जुन्या चादरीचा तुकडा आणि आईचे टाके, एवढ्यावर गाठोड्याचा चेंडू झाला. लाथ मारली की तो धप्पकन पडायचा, म्हणून मामांनी लाथ सोडूनच दिली. "हातातनं हातात! पळा की रं! थांबला त्यो मेला!" स्वतः रेषेबाहेरून पोरांच्या पुढे पळत. गाठोडं भिजवून जड केलेलं. सामन्यात रेल्वेवाल्यांनी आणलेला खरा चेंडू हाती आला तेव्हा पोरांना तो फुलासारखा वाटला. गोरे खेळाडू नुसते माना वळवत राहिले. रेषेपार चेंडू दोन्ही संघांनी सारख्याच वेळा नेला. पण तिथं नेल्यावर लाथ मारून तो खांबांमधून काढला की आणखी गुण मिळतात, आणि लाथेचा सराव आमच्याकडे कुणाला होता? तेवढ्यावर हरलो.

साहेबानं हात झटकले. पण रेल्वेचा कप्तान घाम पुसत आला आणि म्हणाला, हातांचा असा खेळ मी पाहिला नाही, या माणसाला मी शिकवायला मुंबईला नेतो. बाबा मिलमध्ये कारकून, त्यांनी मराठीत सांगितलं. उभेमामांनी विचारलं एवढंच, "कवा निघायचं?"

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. डबा रिकामा होता, तरी ते दारात उभे. एका पायावरून दुसऱ्यावर. मी रडत होते. आपण चेंडू फोडला म्हणून मामांची नोकरी गेली की लागली, हा हिशेब मला जमत नव्हता. आजही जमत नाही. "मामा, चुकले मी," एवढंच कसंबसं म्हटलं.

गाडी हलली. ते दांड्याला धरून बाहेर वाकले आणि ओरडले, "मिलमधी नवा चेंडू आलाय, अम्मा! त्योबी वाकडाच हाय. ऱ्हाऊ दे की!"