इमानाचं नाक

"इमान नाही हो मॅडम, विमान! इमान आमच्या गड्याजवळ असतं."

संस्थेचा अध्यक्ष भर वर्गात असं बोलला अन् हसला. मुख्याध्यापकही हसले. अध्यक्षाचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याईचे दात दिसतात. मी फळ्याजवळ उभी. समोर माझ्या आठवीच्या पोरी.

"म्हणा पाहू, वि-मान."

म्हटलं.

"पुन्हा."

पुन्हा म्हटलं. बालवाडीतल्या लेकराकडून घेतात तसं माझ्याकडून घोकून घेतलं. जाता जाता सांगून गेला, "वस्तीतली जीभ वस्तीतच ठेवून येत जा. पाहुण्यांपुढं आमची अब्रू जाते."

वस्ती! जात नाई काढली त्यानं. मोठा माणूस, जात कशाले काढीन? वस्ती म्हटलं की भागते. आमी विमानाले इमान म्हणतो, विहिरीले इहीर. अर्धं वऱ्हाड म्हणते. पण घाण फक्त माझ्या तोंडाची येते. अध्यक्षाले मी आता अहो-जाहो करत नाई, ते कोनाले खटकलं तर खटको.

भानगड होती एका खेळण्याची. अध्यक्षाचा पोरगा लंडनले राहते. त्यानं बापाले कॉन्कॉर्डचं मॉडेल पाठवलं. आवाजाहून वेगानं जाणारं, माणसं नेणारं इमान, आता बंद पडलेलं. डब्यात अख्खं इमान नसते, प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे तुकडे असतात. घरी कोनाले जोडता आलं नाई, म्हणून साहेबानं ते शाळेले दान केलं अन् शाळेच्या प्रदर्शनासाठी जोडायले माझ्या गळ्यात मारलं. मी भातकुलीची, बौद्धाची पोर. अकोल्यातल्या त्या शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवत होती. मले नोकरीत पक्कं करणं अध्यक्षाच्या हाती होतं.

खरं सांगते, ते काम मले लय आवडलं. मधल्या सुटीत पोरी अन् मी नेलकटरनं एकेक तुकडा कापत बसू. पंखा बंद, नाईतर बारके तुकडे उडत. अकोल्याच्या उन्हात घामानं निथळू. पल्लवी नावाची पोरगी टिफिनच्या झाकणात पाणी घेऊन स्टिकर भिजवे अन् फुंकर मारून पंखावर बसवे. "मॅडम, याचं नाक बगळ्यावानी हाय ना!" म्हणे.

अध्यक्ष येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी याच पल्लवीनं हात वर केला. "मॅडम, मले..." म्हणाली. जीभ चावली. "मला..." म्हणाली, अन् काय विचारायचं तेच विसरून खाली बसली. माझं डोकंच फिरलं. मले जे बोलला ते मी गिळलं होतं. हे गिळवत नव्हतं.

प्रदर्शनाले पुढारी, डॉक्टर, त्याईच्या बायका, सगळे आले. मी मुकाट्यानं माहिती सांगून राहिली होती, वि-मान, वि-मान करत. अध्यक्षाले कुठचा दम? "आमच्या चिरंजीवांनी खास लंडनहून..." करत त्यानं मले बाजूले सारलं अन् मॉडेल उचललं. नाकाले धरून! कडकन आवाज झाला. नाक त्याच्या बोटात, बाकी इमान फरशीवर.

"अरे बाप्पा! इमानाचं नाक मोडलं ना!"

हे मी नाई, अध्यक्ष ओरडला. भर पाहुण्यात.

मी वाट पाहून राहिली होती. आता कोनी म्हणीन, साहेब, विमान म्हणा, पुन्हा म्हणा. कोनी हसलं नाई. मुख्याध्यापकाचेही दात आत. तवा मले लख्ख समजलं. हाही मायले "मले वाढ" म्हणूनच मोठा झाला. जीभ दोघाईची एकच. त्याची चूक घाईतली, माझी जातीतली.

कोट खाली ओढून तो शुद्धीवर आला, म्हणजे शुद्ध मराठीवर आला. "मॅडमनी कच्चं चिकटवलं. या लोकांच्या हाती काही द्यायची सोय नाही. मॅडम, पाहुण्यांची माफी मागा."

मुख्याध्यापक कानाशी पुटपुटले, "मागून टाका ना बाई, काय जाते तुमचं? पक्कं व्हायचं आहे ना?"

व्हायचं होतं. माय भातकुलीत साऱ्या मोहल्ल्याले सांगून बसली होती. पण माझ्या पोरी पाहून राहिल्या होत्या. मी म्हटलं, "माफी नाई मागत. मी पक्कं जोडलं होतं. इमान तुमच्या हातानं मोडलं."

त्याले बरोबर समजलं. वऱ्हाडीच ना तो.

सोमवारी गेटवरच्या शिपायानं सांगितलं, मॅडम, तुमाले आत सोडू नका म्हणतात. बिचारा खाली पाहून बोलला. खोलीवर येऊन मी रडली. खोटं काहून सांगू?

लोक म्हणतात, एका शब्दापायी नोकरी घालवली. घालवली. परवा अमरावतीच्या एका शाळेत मुलाखतीले गेली. कागद पाहून झाले, विज्ञानाचे प्रश्न झाले. मग एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "भाषेवर थोडं काम करता येईल ना?"

"नाई," म्हटलं.

त्या पाहतच राहिल्या. पाहा. मी शिकवीन ते याच जिभेनं शिकवीन. ज्याचे कान दुखतात त्यानं वर्गातून उठून जावं. मी उठणार नाई.